मेलेला उपग्रह उचलायचा कोणी?

इरिडियम फ्लेअर ज्यांनी पाहिलाय त्यांना मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. ॲपवर आधी वेळ यायची, अगदी सेकंदासकट, सोबत दिशा आणि उंची, मग अंधारात उभं राहून त्या दिशेला डोळे लावायचे आणि मनात आकडे मोजायचे. आधी एक साधा ठिपका सरकताना दिसायचा, इतर कुठल्याही उपग्रहासारखाच, आणि मग चार-पाच सेकंदांत तो फुलत जायचा, शुक्रापेक्षा कितीतरी तेजस्वी व्हायचा आणि तसाच विझत जायचा. इरिडियम नावाच्या सॅटेलाइट फोन कंपनीच्या त्या उपग्रहांना दाराएवढ्या तीन चकचकीत अँटेना होत्या, उन्हात आरसा धरल्यावर भिंतीवर कवडसा पडतो तसा त्यांच्यावरून सूर्याचा कवडसा जमिनीवर पडायचा आणि आपण नेमके त्यात उभे असायचो. मी असे पन्नासेक तरी पाहिलेत, पाहुण्यांना दाखवलेत, लहान मुलांना खांद्यावर बसवून दाखवलेत, आणि उजेडापेक्षा मला जास्त अप्रूप वाटायचं ते तो ठरल्या सेकंदाला यायचा याचं.

मग ते हळूहळू बंद झाले. कंपनीने २०१७ ते २०१९ मध्ये नवे उपग्रह पाठवले आणि जुने एकेक करून खाली उतरवून वातावरणात जाळून टाकले, डिसेंबर २०१९ मध्ये त्यातला शेवटचा गेला. फ्लेअर बघणारे आम्ही सगळे हळहळलो, पण खरं सांगायचं तर जुनं सामान इतक्या शिस्तीत आवरलेलं अंतराळात फार कमी वेळा बघायला मिळतं.

सगळे मात्र उतरले नाहीत. साधारण तीस त्याआधीच बंद पडलेले होते, कमांड ऐकत नव्हते, ते वरच राहिले. त्यातला एक मला नंतर एकदा बायनॉक्युलरमध्ये सापडला. लुकलुकत होता, पण ताल नव्हता त्याला, एक झळक, मग बराच वेळ काहीच नाही, मग लागोपाठ दोन. ॲपवर नाव पाहिलं तर इरिडियमच, जुन्या पिढीतला. जो ठरल्या सेकंदाला उजळायचा तो आता गडगडत चालला होता, कुठली बाजू कधी उन्हाला लागेल याचा काही नेम नाही. मला खरोखर वाईट वाटलं, आणि त्या रात्री जो प्रश्न डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही, की हा आता कोणाचा, आणि हा उचलायचा कोणी? तेव्हापासून जमेल तसं अंतराळ कायद्याबद्दल वाचत आलेय, आज ते सगळं एकदा लिहून काढते.

सुरुवात १९६७ च्या आउटर स्पेस ट्रीटीपासून करावी लागते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. छोटा करार आहे, फक्त १७ कलमं, एका बैठकीत वाचून होतो. त्यातलं आठवं कलम म्हणतं की ज्या देशाच्या रजिस्टरमध्ये ती वस्तू नोंदवलीय त्या देशाचा अधिकार आणि ताबा तिच्यावर राहतो, आणि ती अंतराळात आहे म्हणून किंवा पृथ्वीवर परत आली म्हणून तिची मालकी बदलत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे कलम मला साधं, शहाणपणाचं वाटलं, आणि १९६७ साली ते तसं होतंही, आपला उपग्रह दुसऱ्याच्या हाती लागू नये ही तेव्हाची खरी काळजी होती. पण यात मुदत कुठेच नाही. उपग्रह चालू असेपर्यंत, इंधन असेपर्यंत, मालक त्याला ओळख देत असेपर्यंत, असलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे बॅटरी मेली, रेडिओ मेला, पॅनल तुटून वेगळं झालं, तरी तो पूर्वी ज्याचा होता त्याचाच, आणि १९७२ च्या लायबिलिटी कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे अंतराळ वस्तूंनी केलेल्या नुकसानीच्या भरपाईच्या करारात, 'अंतराळ वस्तू'च्या व्याख्येत तिचे सुटे भागही धरलेत, त्यामुळे तुटलेल्या पॅनललासुद्धा बहुतेक अभ्यासक त्याच देशाच्या खात्यावर टाकतात.

व्हॅनगार्ड १ चं उदाहरण घ्या. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने सोडला, दीड किलोसुद्धा वजन नाही, मोठ्या मोसंबीएवढा गोळा आणि त्याला अँटेनाच्या काड्या. १९६४ पासून तो गप्प आहे. अजून वर फिरतोय, माणसाने पाठवलेली आणि अजूनही कक्षेत असलेली सगळ्यात जुनी वस्तू तीच, आणि अजून दोनेकशे वर्षं तरी खाली येणार नाही असा हिशोब आहे. ज्यांनी बनवला ती पिढी गेली, पण कायद्याच्या लेखी तो काल सोडलेल्या उपग्रहाइतकाच अमेरिकेचा आहे.

आता याच्याशेजारी समुद्र ठेवून बघा. समुद्रात जहाज संकटात सापडलं आणि कोणी जीव धोक्यात घालून ते वाचवलं तर त्याला मोबदला मागायचा हक्क असतो, ही परंपरा शतकानुशतकांची आहे. मालकाने सोडून दिलेलं जहाज म्हणजे काय याचे नियम आहेत. एवढंच नाही, २००७ साली नैरोबीत एक करार झाला, २०१५ पासून लागू आहे, त्यात असं आहे की बुडालेलं किंवा अडकलेलं जहाज इतरांना धोकादायक असेल तर ते शोधणं, त्यावर खूण लावणं आणि ते काढणं हे मालकाचं काम, त्यासाठी ३०० टनांच्या वरच्या जहाजांना विमा सक्तीचा, आणि मालकाने नाहीच काढलं तर ज्या देशाला त्रास होतोय तो देश ते काढू शकतो आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकतो. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते, कारण अंतराळासाठी नेमकं हेच पाहिजे आणि यातलं एकही वाक्य तिथे नाही. तिथे 'बेवारस' ही कल्पनाच नाही. तुम्ही कितीही चांगल्या हेतूने दुसऱ्या देशाचा मेलेला उपग्रह धरून खाली आणलात तरी परवानगी नसेल तर तो परक्या मालाला हात लावल्याचाच प्रकार ठरतो.

आणि उपग्रह मेला हे अधिकृतपणे कळवायचीसुद्धा सक्ती नाही. १९७५ च्या रजिस्ट्रेशन कन्व्हेन्शनप्रमाणे देशाने वस्तूची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे द्यायची, कधी सोडली, कुठून सोडली, कक्षा काय, साधारण काम काय, आणि ती कक्षेतून नाहीशी झाली की शक्य तितक्या लवकर तेही कळवायचं. पण वर असतानाच बंद पडली तर? त्याबद्दल करार गप्प आहे. २००७ मध्ये आमसभेच्या एका ठरावाने सुचवलं की असे बदलही कळवत जा, पण ते सुचवणंच. त्यामुळे कागदावर उपग्रह एक तर आहे किंवा नाही, मधली जी मेलेली अवस्था, जिच्यात तो कधीकधी शंभर-दोनशे वर्षं काढतो, तिला कागदावर जागाच नाही.

मग खाली आणायची सक्ती आहे का? तर करारात नाही. नववं कलम म्हणतं इतर देशांच्या हितसंबंधांचा योग्य विचार करा, अंतराळाचं अपायकारक प्रदूषण टाळा, आणि तुमच्या कामाने दुसऱ्याला अपायकारक अडथळा होईल असं वाटलं तर आधी सल्लामसलत करा. चांगले शब्द आहेत. पण कचरा हा शब्द त्या १७ कलमांत कुठेच नाही, आणि 'योग्य विचार' म्हणजे नेमकं किती वर्षांत काय करायचं हे कोणालाच त्यातून काढता आलेलं नाही.

जे काही नेमकं आहे ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आयएडीसी म्हणून अंतराळ संस्थांची एक समिती आहे, इस्रोही तिच्यात आहे, तिने २००२ मध्ये नियम लिहिले आणि त्यांच्याच आधाराने संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये स्वतःची तत्त्वं मान्य केली. आयएडीसीच्या नियमांचा सारांश असा की खालच्या कक्षेत, म्हणजे २००० किलोमीटरच्या आत असाल तर काम संपल्यावर २५ वर्षांच्या आत वातावरणात उतरा, आणि भूस्थिर कक्षेत, म्हणजे ३५,७८६ किलोमीटरवर असाल तर तिथून खाली यायला इंधन परवडत नाही म्हणून उलट आणखी वर जा, साधारण तीनशे किलोमीटर वर, ज्याला ग्रेव्हयार्ड ऑर्बिट म्हणतात तिथे. आणि जाता जाता टाक्या रिकाम्या करा, बॅटऱ्या डिस्चार्ज करा, म्हणजे नंतर स्फोट व्हायला नको. हे शेवटचं किरकोळ वाटतं पण नाही, १९९५ साली सोडलेला डीएमएसपी एफ१३ हा अमेरिकन हवामान उपग्रह २०१५ मध्ये बॅटरीमुळेच फुटला आणि त्याचे तुकडे आता पृथ्वीभोवती फिरतायत. पण मुद्दा असा की ही सगळी तत्त्वं 'करावं' अशा भाषेत आहेत. पाळलं तर छान, नाही पाळलं तर आंतरराष्ट्रीय पातळीवर कोणी कोर्टात खेचत नाही.

नुकसान झाल्यावर मात्र कायदा जागा होतो, पण तोही कुठे झालं यावर अवलंबून. लायबिलिटी कन्व्हेन्शनमध्ये दोन वेगवेगळी मापं आहेत. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर चूक कोणाची हा प्रश्नच नाही, लाँचिंग स्टेटने भरपाई द्यायचीच. लाँचिंग स्टेट म्हणजे ज्याने सोडला, ज्याने सोडवून घेतला, ज्याच्या जमिनीवरून सुटला किंवा ज्याच्या तळावरून सुटला, यातले सगळे, आणि एकदा का ते नाव लागलं की उपग्रह पुढे दुसऱ्याला विकला तरी निघत नाही. अंतराळातच एकाचं दुसऱ्याने नुकसान केलं तर मात्र चूक सिद्ध करावी लागते.

पहिल्या मापाची आजवरची सगळ्यात मोठी गोष्ट कॉसमॉस ९५४ ची. सोव्हिएत युनियनचा टेहळणी उपग्रह, पोटात छोटी अणुभट्टी. एरवी काम संपलं की ती भट्टी वेगळी करून वरच्या कक्षेत ढकलायची अशी योजना असायची, इथे ती जमली नाही, आणि २४ जानेवारी १९७८ ला हा कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात कोसळला. ऐन हिवाळा, गोठलेली सरोवरं, आणि त्यावर पसरलेले किरणोत्सारी तुकडे. कॅनडा आणि अमेरिकेने मिळून शोध घेतला, 'ऑपरेशन मॉर्निंग लाइट' त्याचं नाव, विमानातून किरणोत्सर्ग मोजत मोजत लाखभर चौरस किलोमीटरच्या वर प्रदेश पालथा घातला आणि मग माणसं खाली उतरून बर्फातून तुकडे वेचत राहिली, काही तर मिऱ्याच्या दाण्याहून बारीक. कॅनडाने साठ लाख डॉलरच्या थोडा वर दावा केला, सोव्हिएत युनियनने १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. या कराराचा आधार घेऊन झालेला असा मोठा दावा आजवर एवढा एकच.

दुसऱ्या मापाची गोष्ट पुन्हा माझ्या इरिडियमपाशी येते. १० फेब्रुवारी २००९, सैबेरियाच्या वर ७८९ किलोमीटर. इरिडियम ३३ चालू स्थितीत, ठणठणीत, आणि आडवा आला कॉसमॉस २२५१, रशियाचा १९९३ चा दळणवळण उपग्रह जो १९९५ पासून मेलेला होता. सेकंदाला अकरा-बारा किलोमीटर वेगाने दोन्ही एकमेकांत घुसले. आधीचा अंदाज होता की अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर राखून जातील, आणि त्या दिवशीच्या यादीत याहून जवळून जाणाऱ्या जोड्या होत्या, त्यामुळे कोणी विशेष लक्ष दिलं नव्हतं. मोजता येण्याजोगे तुकडेच दोन हजारांवर झाले. दोन अख्खे उपग्रह एकमेकांवर आदळल्याची ही पहिलीच वेळ.

आता सांगा, चूक कोणाची? कॉसमॉस हलूच शकत नव्हता, मेलेला होता. त्याला वेळेत खाली आणला नाही ही चूक म्हणावी तर तसं आणायची सक्ती कुठे होती? आयएडीसीचे नियम तो मेल्यानंतर सात वर्षांनी लिहिले गेले. इरिडियम हलू शकत होता, मग न हलणं ही त्याची चूक म्हणायची का, तर अर्ध्या किलोमीटरचा अंदाज असताना दर वेळी हलायचं ठरवलं तर इंधन कधीच संपेल. मी यावर दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय आणि मला वाटतं की खरी गोम इथेच आहे, चूक ठरवायला आधी कर्तव्य ठरलेलं असावं लागतं, आणि मेलेल्या उपग्रहाच्या बाबतीत कर्तव्यच कोणी बांधून दिलेलं नाही. या करारानुसार कोणी कोणावर दावा केला नाही. दोघांचे तुकडे अजून फिरतायत.

(मालकी कायम पण जबाबदारी मोघम याचं एक वेगळंच टोक २०२४ मध्ये दिसलं. अंतराळ स्थानकावरून २०२१ मध्ये सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा सातशे ग्रॅमचा तुकडा जळून न जाता फ्लोरिडात एका घराचं छप्पर फोडून आत आला. सांगाडा नासाने सोडलेला आणि घर अमेरिकन माणसाचं, आणि लायबिलिटी कन्व्हेन्शन लाँचिंग स्टेटच्या स्वतःच्या नागरिकांना लागूच होत नाही. शेजारच्या देशात पडला असता तर मामला सरळ होता, घरच्यांना मात्र वेगळा दावा घेऊन नासाच्या दारात जावं लागलं.)

उपग्रहाला नीट निरोप देता येतो हे मला मेघा-ट्रॉपिक्स १ बघून पटलं. इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था सीएनईएस यांचा उपग्रह, ऑक्टोबर २०११ मध्ये सोडलेला, उष्ण कटिबंधातलं हवामान बघायला, हजारेक किलो वजनाचा. तीन वर्षांसाठी होता, दहा वर्षं माहिती देत राहिला. ८६७ किलोमीटरवर होता, तिथे हवेचं घर्षण जवळजवळ नाहीच, नुसता सोडून दिला असता तर शंभराहून जास्त वर्षं फिरत बसला असता, आणि टाकीत सव्वाशे किलोच्या आसपास इंधन शिल्लक, म्हणजे वर स्फोटाची भीती. त्याची रचना ठरवून पाडण्यासाठी केलेलीच नव्हती. तरी २०२२ च्या ऑगस्टपासून वीस वेळा इंजिनं चालवून त्याच्या कक्षेची खालची बाजू हळूहळू खाली ओढली, आणि ७ मार्च २०२३ ला शेवटचे दोन धक्के, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचे, चार छोट्या थ्रस्टरवर. अकरा न्यूटनचा एकेक थ्रस्टर म्हणजे हातात किलोभर वजन धरल्यावर जेवढा भार जाणवतो तेवढाच जोर, आणि तेवढ्यावर एक टनाचं यंत्र वीस वीस मिनिटं ढकलत प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य पट्ट्यावर बरोबर आणून सोडलं. मला ते वाचताना अंगावर काटा आला होता. कोणी सक्ती केली नव्हती, इंधन होतं, माणसं होती, त्यांनी केलं. पुढच्या फेब्रुवारीत कार्टोसॅट-२ पण खाली आला, त्याची कक्षा २०२० मध्येच ६३५ वरून ३८० किलोमीटरवर आणून ठेवली होती, बाकीचं काम हवेने केलं.

याच्या अगदी उलट एन्व्हिसॅट. युरोपचा आठ टनांचा पृथ्वी निरीक्षण उपग्रह, ८ एप्रिल २०१२ ला अचानक संपर्क तुटला तो तुटलाच. टाकीत काय आहे, कोणती टाकी किती भरलीय, काही करता येत नाही, पावणेआठशे किलोमीटरवर भर गर्दीच्या पट्ट्यात दीडशेक वर्षं फिरत राहणार. इथे कोणाच्या आळसाला दोष देता येणार नाही, पण एवढं मात्र शिकावं की उपग्रह धडधाकट असतानाच त्याला उतरवायचं ठरवावं लागतं. युरोपने स्वतः ते त्याआधी ईआरएस-२ च्या बाबतीत केलंही होतं, २०११ मध्ये हातीपायी धड असतानाच ६६ वेळा इंजिन चालवून ७८५ वरून ५७३ किलोमीटरवर आणला, आणि तो फेब्रुवारी २०२४ मध्ये समुद्रावर जळून गेला.

भूस्थिर कक्षेत मोह वेगळा आहे. ग्रेव्हयार्डपर्यंत जायला जे इंधन लागतं तेवढ्यात उपग्रह जागेवर अजून साधारण तीन महिने राहू शकतो, आणि टीव्ही चॅनलं दाखवणाऱ्या उपग्रहाचे तीन महिने म्हणजे कंपनीचे रोख पैसे. वरून टाकीत नेमकं किती उरलंय हे शेवटी शेवटी मोजणंही अवघड. डिश नेटवर्कच्या इकोस्टार-७ चं असंच झालं. २००२ चा उपग्रह, २०१२ मध्ये कंपनीने लिहून दिलं होतं की शेवटी ३०० किलोमीटर वर नेऊ, आणि २०२२ मध्ये कळलं की तेवढं इंधनच नाही, मग जेमतेम १२२ किलोमीटर वर नेऊन सोडला. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दळणवळणाच्या सरकारी नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये दीड लाख डॉलर दंड केला, अंतराळ कचऱ्यासाठीचा हा त्यांचा पहिला दंड. रक्कम अशा कंपनीला काहीच नाही हे मान्य, पण मला ती बातमी वाचून बरं वाटलं, कारण 'करावं' या शब्दाला पहिल्यांदा कुठेतरी दात फुटले.

आणि ते दात देशाच्या लायसन्समधूनच फुटतात हे लक्षात घ्या. आउटर स्पेस ट्रीटीचं सहावं कलम म्हणतं की खाजगी कंपन्यांच्या कामालाही देशाचीच परवानगी आणि देखरेख पाहिजे. म्हणजे देशाने लायसन्स देताना अट घातली की ती अट खरी. एफसीसीने २०२२ मध्ये २५ वर्षांची मुदत ५ वर आणली, २९ सप्टेंबर २०२४ नंतर सोडलेल्या उपग्रहांना ती लागू आहे. फ्रान्सने तर २००८ मध्येच स्वतःचा कायदा करून ठेवलाय. पण देशागणिक अट वेगळी असेल तर कंपनी सोप्या अटीचा देश शोधणार, सोप्या नियमांच्या देशाचा झेंडा लावून फिरणाऱ्या जहाजांचं जे झालं तेच इथे होईल, ही भीती मला खरी वाटते.

हे सगळं पुढच्या उपग्रहांसाठी. जे आधीच मेलेत त्यांचं काय? युरोपियन स्पेस एजन्सीच्या २०२५ च्या अहवालात सुमारे ४० हजार वस्तूंवर नजर असल्याचं दिलंय, त्यातले चालू उपग्रह ११ हजारांच्या आसपास, बाकी मेलेले उपग्रह, रॉकेटचे टप्पे आणि तुकडे. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे बारा लाखांवर असावेत असा अंदाज.

धरून आणायचं तंत्र हळूहळू येतंय. जपानचं एड्रास-जे यान २०२४ मध्ये एका जुन्या रॉकेट टप्प्याच्या पंधरा मीटर जवळ गेलं, भोवती फिरून फोटो काढले. चीनच्या शिजियान-२१ ने जानेवारी २०२२ मध्ये एक मेलेला बैदू उपग्रह ओढून ग्रेव्हयार्डच्याही पलीकडे नेला. युरोपच्या क्लिअरस्पेस-१ साठी ८.६ कोटी युरोचा करार झाला, आणि त्यांचं जे लक्ष्य होतं, रॉकेटवरचा एक ११२ किलोचा अडॅप्टर, त्यालाच २०२३ मध्ये दुसरा तुकडा आदळला, शेवटी लक्ष्य बदलावं लागलं. पण यातली एक गोष्ट बघा, जपान जपानी टप्प्यापाशी गेला, चीनने चिनी उपग्रह ओढला, युरोपने युरोपची वस्तू निवडली. प्रत्येक जण आपलंच उचलतोय, कारण दुसऱ्याचं उचलायला परवानगी, करारमदार, आणि उचलताना फुटला तर जबाबदार कोण याचं उत्तर, सगळं लागतं. शिवाय दुसऱ्याच्या मेलेल्या उपग्रहाला धरायचं तर त्याचे आराखडे हवेत, आणि लष्करी उपग्रहाचे आराखडे कोण कोणाला देणार? उलट बाजूने, जो दुसऱ्याचा उपग्रह मिठी मारून खाली आणू शकतो तो चालू उपग्रहही पाडू शकतो, ही शंका प्रत्येक देशाच्या मनात असतेच.

पैशाचाही प्रश्न आहे. त्या राहिलेल्या तीस इरिडियमबद्दल कंपनीच्या प्रमुखांना विचारलं होतं तेव्हा त्यांनी एकेकामागे दहा हजार डॉलरसारखा आकडा सांगितला होता, तेवढ्यात कोणी उतरवणार असेल तर देऊ. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी उतरवता येण्याजोगे सगळे उतरवले, आणि उरलेल्यांचा धोका फक्त त्यांचा नाही, सगळ्यांचा आहे, मग एकट्याने कोट्यवधी का घालावेत? पण दहा हजार आणि साडेआठ कोटी यांच्यामधली दरी भरायला कायद्याशिवाय दुसरं काही पुरणार नाही.

मला विचाराल तर नैरोबीचा करार समोर ठेवून अंतराळासाठी तसाच एक करावा. सोडतानाच मालकाने लिहून द्यावं की बंद पडल्यावर अमुक वर्षांत मी हलवू शकलो नाही तर इतरांनी हलवायला माझी हरकत नाही, आणि त्या खर्चाची रक्कम किंवा विमा आधीच भरून ठेवावा. मालकी काढून घ्यायची गरजच नाही, परवानगी आगाऊ घ्यायची. आणि उपग्रह मेला की महिनाभरात नोंदीत तसं लिहायची सक्ती. यात कोणाची गुपितं उघडी पडत नाहीत, लष्करी उपग्रह हवे तर बाजूला ठेवा, निदान बाकीच्यांपासून सुरुवात होईल.

एक काळजी मात्र माझ्या स्वतःच्या मतालाच छेद देणारी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. खाली आणून जाळलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी स्ट्रॅटोस्फिअरमधले कण विमानातून गोळा करून तपासले तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या कणांपैकी १० टक्क्यांच्या आसपास कणांत ॲल्युमिनियम आणि इतर असे धातू सापडले जे जळालेल्या उपग्रहांतून आणि रॉकेटमधून आलेत. दर पाच वर्षांनी हजारो उपग्रह जाळायचे तर हे वाढणारच, आणि मार्गदर्शक तत्त्वं जमिनीवरच्या माणसाला लागण्याचा धोका दहा हजारात एकाहून कमी ठेवा असं बघतात, वरच्या हवेचं काय होतं हे बघत नाहीत. तरीही आज मला निवड करायची झाली तर मी खाली आणण्याच्याच बाजूने उभी राहीन, कारण वर एक धडक झाली की तिचे तुकडे पुढची धडक घडवतात, डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी हे १९७८ मध्येच गणित मांडून दाखवलंय, आणि तो फेरा एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. पण जाळण्याचा हिशोबही आत्ताच धरला पाहिजे, तीस वर्षांनी नाही.

ज्यांना हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय त्यांनी ॲपमध्ये 'एसएल-१६ आर/बी' असं नाव शोधा. सोव्हिएत आणि रशियन झेनिट रॉकेटचे वरचे टप्पे आहेत ते, एकेक नऊ टनांच्या आसपास, बरेचसे साडेआठशे किलोमीटरच्या जवळपास, सगळ्यात धोकादायक मानल्या जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत अगदी वर. सूर्य मावळल्यावर तासाभरात, आकाश स्वच्छ असेल तर बायनॉक्युलरचीही गरज नाही, चांगला ठसठशीत ठिपका दिसतो, दहा-पंधरा मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला जातो. नीट बघत राहिलात तर तो मध्येच मंद होतो आणि पुन्हा उजळतो, कारण तो वळत वळत चाललेला असतो. मी परवाच एक पाहिला, डोक्यावरून थोडा पूर्वेकडून गेला आणि अर्ध्या आकाशात पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासा झाला.